गड्ड्याचे पाळणे आणि तळ्यातले देऊळ

श्रोतेहो, वसंत व्याख्यानमालेच्या मानाने आजचा विषय काहींना हलका वाटेल. येथे तत्त्वज्ञान, राज्यकारण आणि वाङ्मय यांवर जाणकारांनी बोलायचे, आणि मी उभा राहिलो आहे जत्रेतल्या पाळण्यांवर बोलायला! परंतु ज्या गोष्टीसाठी कष्टकरी घर वर्षभर चार पैसे बाजूला टाकते, ती गोष्ट हलकी मानण्याची मला सवय नाही. कामगार किती तास राबतो याचा हिशेब चळवळीने मांडला. तो राबणे थांबवल्यावर कोठे जातो आणि तेथे काय पाहतो, याचाही इतिहास असतो. तो पुस्तकांत थोडा आणि मैदानात पुष्कळ सापडतो.

आपल्या गावात दर जानेवारीत एक तक्रार ऐकू येते. सात रस्त्याहून गड्ड्याला पायी निघालेला माणूस होम मैदानाजवळ पोचतो तो त्याला आधी दिसतात ते आकाशपाळणे, रंगीत दिवे आणि फळ्यांची चित्रे. तळ्यातले देऊळ आणि किल्ल्याचे बुरूज मागे राहतात. जुनी माणसे म्हणतात, "पाळण्यांनी सिद्धेश्वर झाकला." तरुण मंडळी म्हणतात, "पाळणे नसते तर इकडे आलोच नसतो." या दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो : नवा पाळणा उभा राहिला म्हणजे जुन्या वास्तूचे दर्शन घटते की वाढते?

"दर्शन" हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या भाषेत त्याचे दोन अर्थ एकत्र नांदतात. डोळ्यांना दिसणे हा एक आणि मनाने मान देणे हा दुसरा. पाळणा पहिल्या अर्थाच्या आड येऊ शकतो. दुसऱ्या अर्थाच्या आड तो येतो का, हे इतिहासालाच विचारले पाहिजे.

प्रथम आपल्याच मैदानाकडे पाहू. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर होऊन गेले. बसवेश्वरांच्या शरण परंपरेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. श्रम हीच पूजा, ज्याला शरण "कायक" म्हणतात, तो विचार त्या परंपरेचा कणा आहे. गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना त्यांनी केली आणि तळे खोदविले असे परंपरा सांगते. तळे खोदताना शेकडो हातांनी माती उपसली असणार. त्या हातांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. आज आपण ज्याला सोलापूरची खूण म्हणतो ती अशा बिनानावाच्या श्रमातून उभी राहिली आहे.

पुढे बहामनी काळात तळ्याच्या काठाला भुईकोट किल्ला आला. थोडे थांबून विचार करा : देवळाच्या मानाने तो किल्लाच नवा होता! किल्ल्याच्या आत जुन्या देवळाचे अवशेष आहेत. त्या काळच्या भाविकाला बुरुजांनी काय काय झाकले असेल, याची कल्पनाच करावी. हा किल्ला चांदबिबीच्या लग्नात आंदण म्हणून आदिलशाहीकडे गेला, त्याच्यासाठी दोन शाह्या भांडल्या, आणि १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेने तो घेतला. ज्या बुरुजांनी एके काळी माणसांना धाक घातला, त्यांच्या आत आज बाग आहे. म्हणजे भयाची वास्तू करमणुकीची झाली, आणि तरीही ती पूज्य जुनी खूण म्हणूनच मिरवते. वास्तूचे वय वाढले की तिचा उपद्रव विसरला जातो, हा इतिहासाचा पहिला धडा.

आता यात्रा पाहा. मकर संक्रांतीच्या सुमारास अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, योगदंडाबरोबर कुंभारकन्येच्या विवाहाचा अक्षता सोहळा होतो, आणि नंतर होम होतो. त्या होमावरूनच मैदानाला होम मैदान हे नाव पडले. शेवटी शोभेचे दारूकाम. या सगळ्यांत सर्वांत उंच काय असते? मानाचे सात नंदीध्वज. उंच, जड काठी एकेका माणसाने कंबरेच्या आधारावर तोलून धरायची आणि गावातून न्यायची. निरनिराळ्या समाजांकडे त्यांचा मान आहे. घरे, दुकाने आणि विजेच्या तारा या सर्वांच्या वर ती काठी डोलत जाते. क्षणभर ती समोरच्या शिखराच्याही आड येते. पण तक्रार कोणी करीत नाही. कारण ती माणसाच्या अंगबळावर उभी आहे आणि पुढे जाणार आहे. आपल्या गावाला तात्पुरत्या उंचीची सवय नवी नाही.

याच मैदानात पाळणे आले. प्रथम हाताने फिरवायचे लाकडी पाळणे, मग चक्री, मौत का कुआँ, सर्कस. नंतर विजेवर चालणारा मोठा आकाशपाळणा, कोलंबस नावाची झुलती होडी, टोराटोरा आणि ब्रेक डान्स. नावे ऐकून हसू येते, पण लहान मूल ती नावे अडुसष्ट लिंगांच्या आधी पाठ करते. जुन्या माणसांना खुपते ते हेच.

ही खुपण्याची गोष्ट एकट्या सोलापूरची नाही. १८८७ साली पॅरिसमध्ये आयफेल मनोरा उभा राहू लागला तेव्हा तेथील नामांकित लेखक-कलावंतांनी वर्तमानपत्रात निषेधाचे पत्र छापले. लोखंडाचा हा सांगाडा नोत्रदामसारख्या आमच्या जुन्या वास्तूंना खुजा करील, असा त्याचा मथितार्थ होता. आयफेलने उत्तर दिले की इजिप्तमध्ये ज्या भव्यतेचे कौतुक होते ती पॅरिसमध्ये कुरूप कशी ठरते? या वादात एक तिसरा पक्ष होता, त्याला कोणी विचारले नाही. १८८८ साली मनोऱ्यावर काम करणाऱ्या कामगारांनी उंची वाढेल तशी जोखीम वाढते म्हणून मजुरी वाढवून मागितली व संप केला. सौंदर्याची चर्चा जमिनीवर चालली होती. वारा मात्र वरच्यांना लागत होता. मनोऱ्याला परवानगी होती फक्त वीस वर्षांची. पुढे बिनतारी संदेशासाठी त्याचा उपयोग झाला आणि तो राहिला. आज पॅरिसची जुनी खूण कोणती म्हणून विचारा, तोच मनोरा सांगतील.

पॅरिसवर मात करायची म्हणून १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने पहिले महाचक्र उभारले. ज्या शिकागोत आठ तासांच्या मागणीसाठी १८८६ साली कामगारांचे रक्त सांडले आणि ज्याच्या आठवणीने आपण मे दिन पाळतो, तेच हे शिकागो. चक्राची उंची २६४ फूट होती. ३६ डबे, प्रत्येक डब्यात ६० माणसे, म्हणजे एका वेळी २,१६० माणसे आकाशात! फेरीचे भाडे पन्नास सेंट. मजुराला ते स्वस्त नव्हते. प्रदर्शनाचा मुख्य भाग होता तो शुभ्र राजवाड्यांचा, विद्येचा आणि कलेचा. चक्राला जागा मिळाली ती करमणुकीच्या गल्लीत, प्रतिष्ठितांपासून दूर. पण ते शुभ्र राजवाडे होते प्लॅस्टरचे. वर्षभरात आगीत त्यांतले पुष्कळ गेले. चक्र मात्र आणखी काही वर्षे जगले आणि १९०६ साली सुरुंग लावून पाडले गेले. भारदस्त दिसणारे अल्पायुषी ठरले आणि थिल्लर ठरवलेले टिकाऊ, असेही घडते.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण इंग्लंडातल्या ब्लॅकपूलचे आहे, कारण ते गिरणी कामगारांचे गाव होते. म्हणजे सुट्टीतल्या गिरणी कामगारांचे. लँकेशायरच्या गिरण्या उन्हाळ्यात एक आठवडा बंद राहत, एका वेळी एका गावाच्या, आणि ते सबंध गाव समुद्राकाठी ब्लॅकपूलला लोटे. आपल्याकडे १८७७ साली जुनी मिल निघाली आणि सोलापूरला भोंग्याच्या वेळा लागल्या. तेथे त्या वेळा दोन पिढ्या आधी लागल्या होत्या. १८९४ साली ब्लॅकपूलला ५१८ फुटी मनोरा उघडला. दोनच वर्षांनी, १८९६ साली, त्याच्या जवळच एक महाचक्र आले. आता मनोऱ्याला कोण विचारणार, असे तेव्हा वाटले असल्यास नवल नाही. चक्र १९२८ साली मोडीत निघाले. मनोरा उभा आहे. १९९४ साली तेथे त्या वेळची जगातली सर्वांत उंच घसरगाडी आली. तरी गावाची खूण मनोराच राहिली.

मनोरा जिंकला तो उंचीमुळे, असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. पहिली तीस वर्षे त्याला नीट रंग दिला गेला नाही. लोखंड गंजले आणि तो पाडावा अशीही चर्चा झाली. १९२१ ते १९२४ या काळात त्याचे लोखंड बदलण्यात आले, म्हणून तो वाचला. शेजारच्या चक्राने मनोऱ्याला धोका दिला नव्हता. धोका दिला होता रंगाऱ्याची मजुरी वाचवण्याच्या वृत्तीने. आपल्या किल्ल्याच्या बुरुजावर झाड उगवले आणि त्याची मुळे चिऱ्यांत शिरली, तर दोष पाळण्यांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. तळ्याच्या पाण्याला वास आला, तर तो जायंट व्हीलच्या दिव्यांनी येत नाही.

लंडनची गोष्ट याहून वेगळी आहे. पार्लमेंटच्या घड्याळाचा मनोरा ९६ मीटर उंच. त्याच्या जवळच, नदीपलीकडे, २००० साली १३५ मीटरचे चक्र लोकांसाठी फिरू लागले. त्यालाही परवानगी होती पाच वर्षांची, पुढे ते कायमचे झाले. आयफेलचे वीस वर्षांचे कायम झाले, लंडनचे पाचांचे कायम झाले. यावरून "तात्पुरते" या शब्दावर किती विसंबायचे ते आपण ठरवावे. कारखान्यात तात्पुरता कामगार वर्षानुवर्षे तात्पुरताच राहतो आणि तात्पुरते बांधकाम लगेच कायम होते, हा या जगाचा एक चमत्कार आहे.

त्याच देशात ऑल्टन टॉवर्स नावाचे उद्यान आहे. एका जुन्या, अर्ध्या पडक्या वाड्याभोवती ते वसले आहे. झाडांच्या शेंड्यांच्या वर पाळणे दिसू नयेत असा तेथे निर्बंध आहे. मग काय केले? १९९४ साली नवी घसरगाडी आणताना खडक फोडून खड्डा केला आणि गाडी खाली उतरवली. बसणाऱ्याचा थरार कमी झाला नाही, उलट वाढला. आणि वाड्याचे दर्शनही राहिले. नियमाने कल्पकता मरते, असे मालक मंडळी नेहमी सांगतात. येथे नियमानेच कल्पकता जन्माला घातली.

आपल्या महाराष्ट्रात उलट क्रमही पाहायला मिळतो. मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, आणि मराठी घरांतल्या मुलांनी "उद्यान" या शब्दाचा नवा अर्थ शिकून घेतला. त्याच्या शेजारी, त्याच उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी दिलेल्या जमिनीवर, विपश्यनेचा जागतिक पॅगोडा उभा राहिला; २००९ साली तो राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुला झाला. तीनशे फुटांहून उंच, आणि आतल्या घुमटाला मध्ये एकही खांब नाही. तेथे पाळणे आधी आले आणि मौनाची वास्तू नंतर. किंचाळण्यासाठी आलेली आणि गप्प बसण्यासाठी आलेली माणसे एकाच धक्क्यावर उतरली. त्यामुळे पॅगोड्याचे पावित्र्य उणे झाले असे म्हणवत नाही. उलट पाळण्यासाठी आलेल्या कित्येकांनी तो सोनेरी घुमट प्रथम पाहिला तो सहज, वाटेवर.

रायगडाला १९९६ साली रोपवे झाला तेव्हाही, आता गडाची किंमत काय राहिली, असे म्हणणारे होते. पायऱ्यांनी जाणाऱ्याला गड जसा कळतो तसा पाळण्यातून जाणाऱ्याला कळत नाही, हे खरे. पण गुडघे गेलेल्या आजीला समाधीपुढे उभे राहता आले, हेही खरे. कोणाचे दर्शन घटले आणि कोणाचे वाढले, हे मोजताना आपण बहुधा धडधाकट माणसाचेच मोजतो.

येथे मी मूळ मुद्द्याशी येतो, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरला जातो. चोखोबांची समाधी नामदेव पायरीजवळ, महाद्वाराच्या बाहेर आहे. ज्यांना आत प्रवेश नव्हता त्यांना शतकानुशतके एकच गोष्ट मिळाली, कळसाचे दर्शन. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणपणाने उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. तोवर बाहेरच्या माणसाच्या वाट्याला जे आले ते लांबून, रस्त्यावरून, कोणाची परवानगी न घेता दिसणारे टोक होते. म्हणून कळस दिसणे ही केवळ शोभेची बाब नाही. ज्याच्याजवळ दुसरे काही नाही त्याची ती मिळकत आहे. वृद्ध, आजारी, रांगेत उभा राहू न शकणारा, रोज सकाळी कामावर जाताना हात जोडून पुढे जाणारा, हे सारे तिचे वारस आहेत. ती मिळकत झाकणारी वस्तू पाळणा असो, जाहिरातीचा फलक असो किंवा इमारत असो, तिने आधी या वारसांना विचारले पाहिजे.

पण याच न्यायाने पाळण्याचीही बाजू मांडावी लागते. बंगल्याच्या गच्चीवर राहणाऱ्याला गाव वरून दिसते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला कोठून दिसणार? विडी वळणारी बाई, यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा गडी, यांना आपले गाव जमिनीवरूनच माहीत असते. वर्षातून एकदा ती पाळण्यात बसतात. पाळणा माथ्यावर क्षणभर थांबतो, आणि खाली तळे, तळ्यातले देऊळ, किल्ल्याची वेडीवाकडी तटबंदी, सारे एका नजरेत येते. खालून पाहणाऱ्याला पाळणा आड येतो. वर बसलेल्याला पाळणा दिसतच नाही, सिद्धेश्वर दिसतो. आई मुलाला बोट करून दाखवते, "ते बघ आपलं देऊळ." दोघांचेही दर्शन खरे आहे. एकाचे मोडून दुसऱ्याला द्यावे, असे मी म्हणणार नाही.

२०२१ च्या जानेवारीत करोनाच्या साथीमुळे मैदानात गड्डा भरला नाही. पाळणे नव्हते, दुकाने नव्हती. जुन्या तक्रारीप्रमाणे त्या वर्षी दर्शन सर्वांत चांगले व्हायला हवे होते. शिखर मोकळे होते. पाहायला गाव नव्हते. गर्दीवाचून वास्तू मोठी होत नाही, एवढे तरी त्या वर्षाने शिकवले.

मग करावे काय? होम मैदानाच्या बाबतीत माझे म्हणणे स्पष्ट आहे. पाळणे यावेत आणि जावेत. आपल्या व्यवस्थेतले शहाणपण या "जावेत"मध्ये आहे. पंधरा-वीस दिवस मैदान पाळण्यांचे, आणि उरलेले वर्ष दृष्टी मोकळी. पॅरिस आणि लंडन यांच्या अनुभवावरून सांगतो, ही व्यवस्था आपोआप टिकत नाही. २०१६ साली सोलापूरची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली आणि त्यातून होम मैदानाचेही रूप पालटले. उद्या कोणी चांगल्या हेतूने म्हणेल की पाळणे दरवर्षी उभे करून मोडण्यात खर्च जातो, तेव्हा ते कायमचेच करू, भोवती कुंपण घालू, दारावर तिकीट लावू. त्या दिवशी दोन्ही दर्शने जातील. रस्त्यावरून दिसणारे शिखर झाकले जाईल आणि वरून दिसणारे गाव ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे आहेत त्याचेच होईल.

उंचीचा निर्णय नंतर घेतला म्हणजे काय होते ते या गावाने पाहिले आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे नव्वद मीटरची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. बाजू कोणाची खरी, हा आजचा विषय नाही. वर्षानुवर्षे भांडण, मोर्चे, कोर्टकचेऱ्या, आणि शेवटी काही सेकंदांत जमीनदोस्त. एवढी उंची उभी करण्याआधीच सर्वांना एकत्र बसवून विचारले असते, तर सभासदांचा, कामगारांचा आणि प्रवाशांचाही मनस्ताप वाचला असता.

म्हणून मैदानात काही नवे उभे राहायचे असेल तेव्हा नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. पहिला : सार्वजनिक रस्त्यावरून, फुकट, शिखर कोठून दिसणार? निदान एक वाट तरी नजरेसाठी मोकळी ठेवलीच पाहिजे. मैदानाची आखणी करताना मोठा पाळणा कडेला घेतला तर हे सहज साधते. दुसरा : हे उतरवण्याची तारीख कोणती, आणि ती पाळली नाही तर जबाबदार कोण? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, म्हणून मी विचारतो : हे उभे करणाऱ्यांचे काय? गावोगाव ट्रकमधून फिरणारे, थंडीत पालात झोपणारे, पन्नास फुटांवर चढून बोल्ट आवळणारे हे कामगार. त्यांच्या कंबरेला पट्टा आहे का, रात्री किती वाजेपर्यंत ते जागे आहेत, शेवटची तपासणी कोणी केली? ज्या बोल्टवर आपले मूल बसते तो बोल्ट झोप न झालेल्या हाताने आवळलेला नसावा, एवढा स्वार्थ तरी आपण ओळखावा.

नंदीध्वज पेलणाऱ्याचा आपण मान करतो, आणि तो योग्यच आहे. त्याच मैदानात आकाशपाळण्याचा सांगाडा पेलणाराही माणूसच असतो. सिद्धरामेश्वरांच्या तळ्याची माती उपसणाऱ्यांची नावे राहिली नाहीत. निदान आपल्या डोळ्यांदेखत राबणाऱ्यांची मजुरी आणि सुरक्षितता तरी राहावी. पुढच्या गड्ड्याच्या परवान्यांची चर्चा महापालिकेत आणि पंच कमिटीपुढे होईल तेव्हा हे तीन प्रश्न घेऊन आपल्यापैकी पाच-पंचवीस जणांनी तेथे हजर राहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.